प्रमाण: तीस

१

काकांचं डोकं उजवीकडून आत दबलं होतं. चष्म्याची एक काडी जखमेत रुतली होती, दुसरी अजून कानावर होती. शेजारी पितळी बत्ता पडला होता. मागच्या महिन्यात मी तपासणीला आले, तेव्हा याच बत्त्यावर हात ठेवून काका म्हणाले होते, "आता यात कोणी काही कुटत नाही, मॅडम. शोभेला ठेवलाय."

मी औषध निरीक्षक. नोकरीला सात महिने झालेत. मी रसायनशास्त्र शिकले, मुडदे कधी पाहिले नव्हते. दाराची चौकट धरून उभी राहिले. वरच्या मजल्यावर कोणीतरी पुरुष ओरडत होता. थांबून, श्वास घेऊन, पुन्हा ओरडत होता.

काका या रुग्णालयाचे औषधपाल. सकाळी अकरा वीसला त्यांचा फोन आला होता. "मॅडम, परत आलेल्या सात पिचकाऱ्या तपासल्या, तुम्ही दिलेल्या द्रावणाने. एकीलाही रंग येत नाही हो. नाव फोनवर घेत नाही. जेवण झालं की या."

ते द्रावण मॉर्फिनवर टाकलं की जांभळं होतं. पाण्यावर टाकलं तर काहीच होत नाही. टेबलावर एक पांढरी फरशी होती आणि तिच्यावर आठ थेंब: एक जांभळा, सात बिनरंगाचे. जांभळा खऱ्या मॉर्फिनचा, पडताळणीसाठी. काका पद्धतशीर माणूस. सात पिचकाऱ्या मात्र कुठेच नव्हत्या. ज्याने त्या नेल्या, त्याला थेंबांचा अर्थ कळला नव्हता.

नियंत्रित औषधांचं कपाट सताड उघडं होतं. चाव्या काकांच्याच कमरेच्या साखळीला लटकत होत्या. कपाटासमोर नोंदवही; सकाळच्या नोंदींनी मागचं पान भरलं होतं, म्हणून नव्या पानावर उघडलेली. पानावर तारीख काकांच्या अक्षरात होती आणि खाली एकच ओळ:

मॉर्फिन. प्रमाण: ३०. उरलेला अंश: ०. वेळ: १२:४०.

सही मोठ्या सिस्टरांची, म्हणजे इथल्या वरिष्ठ परिचारिकेची. 'मॉर्फिन'च्या रफारावर रक्ताचा एक थेंब होता. मी वाकून पाहिलं. शाई रक्ताच्या खाली नव्हती. रक्तावरून गेली होती आणि तिथे पेन अडखळलं होतं.

म्हणजे आधी काका मेले, मग ही ओळ लिहिली गेली.

२

"तुम्ही गोळ्यांच्या इन्स्पेक्टर, मी माणसांचा," फौजदार म्हणाले. "तुम्ही बाजूला बसा, मॅडम. पाणी प्या. आणि एवढं सांगा, या कपाटाला हात कोण लावू शकतं?"

मी सांगितलं. पहिल्या तारखेपर्यंत इथलं मॉर्फिन फक्त डॉक्टरांच्या सहीने निघायचं. डॉक्टर जागेवर नसले, तर रुग्ण कळवळत वाट बघायचा. नव्या कायद्याने प्रशिक्षित वरिष्ठ परिचारिकेला आणि रुग्णवाहिकेवरच्या प्रशिक्षित सहायकालाही स्वतःच्या सहीने औषध काढायची मुभा दिली. सोबत एक अट घातली: उरलेलं औषध मोरीत ओतायचं नाही. पिचकारीत बंद करून, नाव लिहून औषधपालाकडे परत द्यायचं.

"नोंदवहीही नवी छापली," मी म्हणाले. "पण 'प्रमाण' या रकान्यात कशात मोजायचं, ते छापायचं राहून गेलं. मी वर दोन पत्रं लिहिली."

"उत्तर?"

"नाही आलं."

"येणार पण नाही. म्हणजे आधी सही एकाची, आता तिघांची, आणि नऊ दिवसांत मुडदा. कायदा झकास आहे." त्यांनी मागचं पान उलटलं. "एक, दहा, पंधरा, एक, पंधरा... हे दवाखाना चालवतात की मंडई? आणि आज एकदम तीस! बाई तीस बाटल्या घेऊन जात होती, म्हाताऱ्याने अडवलं, हिने टाळकं फोडलं."

"आणि मग थांबून सही केली?"

"घाबरलेला माणूस काहीही करतो."

मी मागचं पान सह्यांसकट माझ्या वहीत उतरवून घेतलं. मग कपाटातल्या कुप्या मोजल्या. दोनदा. काकांनी साडेबाराला, सकाळच्या नोंदी वजा करून, फळ्यावर लिहिलं होतं: ४८. कपाटात सेहेचाळीस होत्या.

"साहेब, तीस नाही. दोनच कमी आहेत."

फौजदारांनी स्वतः मोजल्या, ओठ हलवत. तेवढ्यात हवालदार जिन्यावरून धावत आला. त्याच्या रुमालात दोन रिकाम्या काचेच्या कुप्या होत्या, मानेशी फोडलेल्या.

"मोठ्या सिस्टरांच्या खुंटीवरच्या ॲप्रनमध्ये सापडल्या, साहेब."

"घ्या," फौजदार माझ्याकडे वळले. "याहून मोठं प्रमाण काय पाहिजे? बेड्या घाल रे तिला. तीन वाजता घेऊन निघायचं."

घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

३

मोठ्या सिस्टर पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या. बेड्या घातलेले हात त्यांनी मांडीवर असे ठेवले होते, जणू ते कोणीतरी विसरून गेलेलं सामान आहे.

"साहेब, न्यायचं तर न्या," त्या म्हणाल्या. "पण आधी सहा नंबरच्या खाटेला कोणीतरी इंजेक्शन द्या. वखारीत करवतीत हात गेलाय त्याचा. काल कोपराखाली कापला. सकाळपासून तो दात खातोय. खरंच खातोय, एक तुकडा पडलाय."

"त्याला अकराला दिलंय ना?" मी केसपेपर बघत विचारलं. "भूलतज्ज्ञांनी स्वतः."

"कागदावर दिलंय. माणूस म्हणतो, नाही. मी माणसाचं ऐकते. तुम्ही शास्त्र शिकलात ना? त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघा."

मी पाहून आले. त्याचा उरलेला हात खाटेच्या दांडीला पट्ट्याने बांधलेला होता, कारण त्याने टाके उपटायचा प्रयत्न केला होता. उशी रक्ताने आणि थुंकीने भिजली होती. बाहुल्या मोठ्या, टपोऱ्या होत्या. मॉर्फिन अंगात गेलेल्या माणसाची बाहुली आकसते.

"बारा चाळीसला कुठे होता?" फौजदार सिस्टरांना विचारत होते.

"त्याच्याचपाशी. त्याला धरून."

"साक्षीदार?"

"तोच. पण तो आईला हाक मारत होता, मला नाही."

"सिस्टर, तुम्ही रकान्यात आकडा लिहिता तो कसा?" मी विचारलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "कसा म्हणजे? पिचकारीवर दिसतं तेवढं लिहायचं. त्यात काय शिकायचं?"

रुग्णवाहिकेच्या सहायकाला सगळे पैलवान म्हणायचे. वजन जेमतेम पन्नास किलो. तो मागच्या अंगणात गाडी धूत होता आणि नळीतून येणारं पाणी गुलाबी होऊन गटारात जात होतं.

"हे सकाळचं," माझी नजर बघून तो म्हणाला. "ट्रकखाली एक जण आलेला. पायच वेगळा आणला मी, पिशवीत. काकांचं रक्त नाही हे, मॅडम. काकांनी मला कायद्याची पुस्तिका चार वेळा वाचून दाखवली. म्हणाले, पैलवान, आता तू पण सहीवाला माणूस." त्याने नळी बंद केली. "कोणी मारलं ते कळलं तर पाच मिनिटं मला द्या."

"सकाळच्या माणसाला मॉर्फिन दिलंस?"

"दिलं ना. मी एक फोडतो आणि दहा करतो. सलाइन घालून. हलत्या गाडीत थोडं थोडंच द्यावं लागतं, नाहीतर वेदनेबरोबर श्वास पण जातो."

"बारा चाळीसला?"

"इथेच. नळी आणि मी."

हवालदार आला. "मॅडम, तिसरे सहीवाले, भूलतज्ज्ञ, तुम्हाला बोलावतायत. म्हणाले, त्या मुलीला सांगा, कायद्याबद्दल मला तिच्याशी बोलायचंय."

४

भूलतज्ज्ञांच्या खोलीत पडदे ओढलेले होते. त्यांचा शर्ट लांब बाह्यांचा, मनगटाशी गुंड्या लावलेला. बाहेर अंगाची लाही होत होती.

"बसा. मी लेखी विरोध केला होता, माहीत आहे ना?" ते म्हणाले. "तीन पानं. असली औषधं कोणाच्याही हातात द्यायची नसतात. आम्ही बारा वर्षं घासतो आणि यांना सहा आठवड्यांच्या वर्गात सही मिळते. बघा झालं काय ते."

"सहा नंबरचा पेशंट ओरडतोय, सर."

"ओरडणारच. हात गेलाय त्याचा. मी पंधरा दिलंय त्याला, पूर्ण पंधरा. काही जणांना सवय असते ओरडायची."

"आणि उरलेलं औषध परत द्यायची अट? तिलाही विरोध होता?"

ते हसले. "ती तर बावळटपणाची हद्द. आम्ही काय उष्टं जमा करायचं? काका मात्र रोज दारात उभे. द्या डॉक्टर, पिचकारी द्या. शाळेतल्या मॉनिटरसारखे."

"बारा चाळीसला आपण कुठे होतात?"

"याच खुर्चीत. डोकं दुखत होतं." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही माझ्या डोळ्यांत काय बघताय?"

"काही नाही, सर."

खोली अंधारी होती. अशा अंधारात बाहुली मोठी व्हायला हवी. त्यांच्या बाहुल्या खसखशीच्या दाण्याएवढ्या होत्या.

बाहेर येऊन मी जिन्यातच बसले आणि उतरवून घेतलेलं पान उघडलं. आता सह्यांसकट वाचलं. मग वही मिटून घड्याळ पाहिलं. दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. वर सहा नंबर पुन्हा ओरडला.

"साहेब," मी खाली जाऊन फौजदारांना म्हणाले, "तिघांना औषधालयात बोलवा. अक्षरं तपासायची आहेत."

"अक्षरांना तज्ज्ञ लागतो."

"यांच्या अक्षराला नाही लागणार."

५

काकांना नेलं होतं. फरशीवरचं रक्त कडेने सुकायला लागलं होतं, म्हणून आम्ही सगळे काउंटरच्या अलीकडे उभे राहिलो. मी तीन कोरे कागद ठेवले.

"सोपं काम आहे," मी म्हणाले. "समजा, तुम्ही आता मॉर्फिनच्या दोन कुप्या काढल्या आणि सगळं औषध रुग्णाला दिलं. नोंदवहीत लिहाल तशी ओळ लिहा. औषध, प्रमाण, उरलेला अंश, वेळ. खाली मोठ्या सिस्टरांची सही, जमेल तशी."

"मी माझीच सही करू?" सिस्टरांनी विचारलं.

"हो."

"बेड्यांत अक्षर बिघडेल."

"बिघडू दे, मोठ्या सिस्टर," पैलवान म्हणाला. "माझं तर बेड्यांशिवायच बिघडलेलं आहे."

भूलतज्ज्ञ हसले. "बालवाडी आहे ही." पण त्यांनी पेन घेतलं, आणि मी बघत होते, ते फार जपून लिहीत होते. नेहमीचं तिरकं अक्षर सोडून एकेक अक्षर उभं, सुटं, मुलासारखं काढत होते. सगळं लक्ष वळणांवर. कागद संपवून त्यांनी तो माझ्याकडे सरकवला आणि रुमालाने बोटं पुसली.

"घ्या. जुळतंय का कुठे?"

मी तीन कागद शेजारी शेजारी मांडले. फौजदार वाकले.

"च्यायला," ते हळूच म्हणाले. "हे तिघांनी एकच गोष्ट लिहिली ना?"

६

सिस्टरांनी लिहिलं होतं: प्रमाण २. पैलवानने: प्रमाण २०. भूलतज्ज्ञांनी: प्रमाण ३०.

"एका कुपीत एक मिलिलिटर औषध असतं आणि त्यात पंधरा मिलिग्रॅम मॉर्फिन," मी म्हणाले. "सिस्टर पिचकारीवर दिसतं ते लिहितात. दोन कुप्या, दोन मिलिलिटर. पैलवान एका कुपीत सलाइन घालून दहा मिलिलिटर करतो. दोन कुप्या, वीस. डॉक्टर मिलिग्रॅममध्ये विचार करतात. दोन कुप्या, तीस. रकान्यात एकक छापलेलं नाही, म्हणून प्रत्येकाने आपापल्या हाताची सवय लिहिली. मागच्या पानावर बघा. सिस्टरांच्या सहीपुढे एक. पैलवानच्या पुढे दहा. डॉक्टरांच्या पुढे पंधरा. प्रत्येक वेळी कपाटातून कमी झाली आहे एकच कुपी."

"आणि नव्या पानावर बघायला काहीच नव्हतं," फौजदार म्हणाले. ते आता माझ्याकडे बघत नव्हते.

"सर, तुम्ही रिकाम्या कुप्या सिस्टरांच्या ॲप्रनमध्ये टाकल्यात, अक्षर लपवलंत. आकडा लपवायचा असतो हे तुमच्या लक्षातच आलं नाही. बारा चाळीसलाही नाही, आत्ताही नाही."

"आकड्यांचा खेळ," भूलतज्ज्ञ म्हणाले. त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. "हेतू काय माझा? कायद्याला विरोध?"

"सिस्टरांना सही मिळाली, त्याचा तुम्हाला राग नव्हता. पिचकारी परत द्यावी लागली, त्याची भीती होती. आधी उरलेलं मोरीत जायचं, कोण बघतं? रुग्णाला पाणी, मोरीत पाणी आणि मॉर्फिन तुम्हाला. नऊ दिवसांत काकांकडे तुमच्या नावाच्या सात पिचकाऱ्या जमल्या आणि सातही पाण्याच्या निघाल्या. काकांनी ते तुम्हाला सांगितलं. पोलिसांच्या आधी तुम्हाला, कारण काका तसेच होते." मी जिन्याकडे बोट दाखवलं. "वर ज्याला औषध दिलं, त्याच्या बाहुल्या टपोऱ्या आहेत. ज्याने दिलं, त्याच्या बघा."

"शर्टाची बाही वर करा, डॉक्टर," फौजदार म्हणाले आणि त्याचं मनगट धरायला पुढे झाले.

खिशातला हात बाहेर आला. सुई फौजदारांच्या खांद्यात बुडापर्यंत गेली आणि दट्ट्या पूर्ण दाबला गेला. दुसऱ्या हाताने त्याने माझे केस धरून तोंड काउंटरवर आदळलं. माझा दात ओठातून बाहेर आला. हवालदाराच्या पोटात लाथ बसली. मग तो दाराकडे धावला.

पैलवान दारातच होता. ऑक्सिजनच्या नळकांड्याचा लोखंडी पाना त्याने दोन्ही हातांनी फिरवला. गुडघा फुटल्याचा आवाज आला, वाळकं लाकूड मोडल्यासारखा. डॉक्टर पालथा पडला. पैलवानने पाना पुन्हा उचलला.

"पैलवान!" सिस्टर ओरडल्या. "तो नंतर. फुगा आण. श्वासाचा फुगा, पळ!"

"अहो, मला काही झालं नाही," खांदा चोळत फौजदार म्हणाले. "मुंगी चावली एवढंच."

सिस्टरांनी खाली पडलेली पिचकारी उचलली, तिच्यावरची चिठ्ठी वाचली. "साहेब, खाली झोपा. आत्ता. हे भूल देताना स्नायू लुळे करायचं औषध आहे. दोन मिनिटांत तुमचा श्वास बंद होईल. याला कुलूप नाही, नोंद नाही. टेबलावर उघडं पडलेलं असतं."

फौजदार हसायला गेले आणि त्यांची पापणी फडफडायला लागली. मग गाल. मग छातीवरचा शर्ट आतून उंदीर पळाल्यासारखा थरथरला. ते गुडघ्यांवर आले, कुशीवर पडले आणि निपचित झाले. डोळे अर्धे उघडे, ओठ निळे पडायला लागलेले.

पैलवानने फुगा आणला आणि फौजदारांच्या खिशात बेड्यांची चावी शोधायला लागला.

"बेड्या राहू दे! मान मागे कर यांची."

सिस्टर बसल्या. बेड्यांमुळे दोन्ही हात एकत्रच हलत होते, म्हणून पैलवानने तोंडावरचा मुखवटा घट्ट धरला आणि त्यांनी फुगा दोन तळव्यांत दाबला. साखळी प्रत्येक वेळी खणखणत होती. "एक... दोन... तीन... चार... पाच... दाब." मी ओठाला पदर लावून घड्याळ बघत होते. माझं रक्त काकांच्या रक्तात पडत होतं.

"जिवंत आहेत ना?" हवालदाराने पोट धरून विचारलं.

"सगळं ऐकतायत ते," सिस्टर म्हणाल्या. "फक्त बोलता येत नाही. तेवढीच शांतता."

चौदाव्या मिनिटाला फौजदारांचं एक बोट हललं.

७

भिंतीला टेकून बसता आल्यावर फौजदारांनी पहिलं काम केलं ते हे, की थरथरत्या हाताने स्वतः बेड्या उघडल्या. दोनदा चावी पडली. कोणी उचलून दिली नाही, कारण त्यांनी उचलू दिली नाही. त्याच बेड्या हवालदाराने दारात कण्हत पडलेल्या डॉक्टरला घातल्या आणि त्याला बाहेर नेलं.

"तीन वाजता न्यायचं होतं तुम्हाला," ते म्हणाले. आवाज खरखरीत होता.

"हो. सव्वातीन झाले." सिस्टर मनगटं चोळत होत्या. "साहेब, कपाटाला सील लावलंय तुम्ही. सहा नंबरला मी काय देऊ?"

फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं. नियमाप्रमाणे कपाट आता पुरावा होतं. नियमाप्रमाणे, जप्त साठ्यातून रुग्णासाठी औषध सोडायचा अधिकार औषध निरीक्षकाला होता. माझ्याकडे तो सात महिने होता आणि मी तो कधी वापरला नव्हता. मी सील फोडलं.

सिस्टरांनी कुपीची मान मोडली, औषध पिचकारीत ओढलं आणि सुई टेबलावरच्या त्या पांढऱ्या फरशीवर धरली. एक सूक्ष्म थेंब. मी त्यावर काकांचं द्रावण टाकलं. थेंब जांभळा झाला, गडद, जवळजवळ काळा. काकांच्या थेंबाशेजारी नववा.

नोंदवही तर पोलिसांकडे गेली होती. मी कोऱ्या कागदावर रकाने आखले. सिस्टरांनी लिहिलं: मॉर्फिन. मग पुढच्या रकान्यात १. पेन उचललं, थांबल्या, माझ्याकडे पाहिलं आणि आकड्याला चिकटून लिहिलं: मि.लि.

त्या वर गेल्या. आम्ही तिघं काकांच्या खोलीत जिन्याकडे कान लावून बसलो. पैलवानच्या हातात अजून तो पाना होता. वर माणूस ओरडत होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग ओरडणं कण्हण्यावर आलं. मग तेही विरत गेलं आणि मागच्या अंगणात पैलवानने नीट न बंद केलेल्या नळाची टपटप ऐकू यायला लागली.